दोरवाले अप्पा

अप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शेजारच्या लग्नात. अक्षता पडल्या होत्या, माणसं पंगतीकडं पळत होती आणि करवलीनं नवरदेवाच्या शेल्याला नवरीच्या पदराची गाठ नुकतीच मारली होती. तेवढ्यात कपाळाला विभूतीचे पट्टे ओढलेला एक बुटका माणूस स्टेजवर चढला. सगळ्यांना वाटलं, आहेर द्यायला आलाय. नवरदेव वाकून नमस्कार करायला लागला. या गृहस्थांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते खाली उकिडवे बसले, गाठ हातात घेतली आणि दोन बोटांनी हलकेच ओढली. गाठ सुटली.

“कोणी मारली ही?”

करवलीनं भीत भीत हात वर केला.

“सरकगाठ हाय बाई ही. हिच्यात शेरडू बी थांबत न्हाई, नवरा कुठं थांबायलाय?”

मग त्यांनी स्वतः गाठ मारली. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी, पीळ घालून आवळलेली. संध्याकाळी ती कोणालाच सुटेना. मामानं बघितलं, भटजींनी बघितलं, शेवटी नवरीच्या आत्यानं कात्री आणून शेला कापला. भर लग्नात कात्री चालली म्हणून दोन्हीकडची माणसं बेजार झाली. अप्पांना जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, “शेला कापलाव तुमी. गाठ बघा, हाय तशी हाय.”

मानवतच्या कापूसबाजारात अप्पांचं दोराचं दुकान आहे. बैलांचे कासरे, शेळ्यांची दावी, पाळण्याचे दोर, सुतळीची बंडलं, नायलॉनची वेटोळी. दारात उभं राहिलं की तागाचा वास येतो. अप्पा गल्ल्यावर बसत नाहीत, एका मोठ्या वेटोळ्यावर मांडी घालून बसतात. तुम्ही दुकानात शिरलात की ते तुमचं तोंड बघत नाहीत, बुटांच्या नाड्या बघतात. तुम्ही दोर मागितलात की पहिला प्रश्न, “कशाला पायजे?” हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. झोक्याला पाहिजे, गाय बांधायचीय, ट्रॅक्टरवर कडबा आवळायचाय. काम कळलं की ते त्या कामाचा दोर काढतात, गाठ शिकवतात, तुमच्याकडून मारून घेतात आणि मगच सोडतात. गिऱ्हाइकाची गाडी निघून गेली तरी चालेल, गाठ आली पाहिजे.

पण कधी कधी ते गिऱ्हाइकाकडं जरा वेळ बघतात आणि म्हणतात, “दोर संपला.”

भिंतीवर दोर, छताला दोर, बुडाखाली दोर, आणि हे म्हणणार संपला. एकदा एक माणूस माझ्यासमोर तडकला. “मंग ह्ये काय लटकायलंय?”

“त्यो दाखवायचा हाय. इकायचा न्हाई. बसा, चहा सांगतो.”

त्या माणसाला त्यांनी दुपारभर बसवून ठेवलं. त्याच्याकडून गाठी मारून घेतल्या, सोडवून घेतल्या, पुन्हा मारून घेतल्या. मधेच त्याच्याच फोनवरून त्याच्या मेव्हण्याला बोलावून घेतलं. मेव्हणा आला, माणूस त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेला. अप्पांच्या विक्षिप्तपणाला मी हसत होते. हसता हसता मला कळलं की तो माणूस ‘कशाला पायजे’ या प्रश्नाला काहीच बोलला नव्हता.

अप्पा आमच्या ‘शिखर गिर्यारोहण मंडळा’चे संस्थापक-अध्यक्ष. मानवत परातीसारखं सपाट आहे. आमच्याकडं उंच म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिच्यानंतर जिनिंगमधला सरकीचा ढीग. अशा गावात हे मंडळ निघायचं कारण म्हणजे एक नमुना. एका फिरत्या विक्रेत्यानं गिर्यारोहणाच्या दोराचा एक तुकडा अप्पांच्या दुकानात ठेवला होता. माणसानं मुंगसाकडं बघावं तसे अप्पा काही दिवस त्या तुकड्याकडं बघत बसले. मग दुकानाला कुलूप लावून सह्याद्रीतल्या कुठल्याशा शिबिराला गेले. तिथं सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यात विभूती लावलेले, डोक्याचे केस पांढरे झालेले अप्पा. परत आले ते दोर, कड्या, हेल्मेटं घेऊनच. मी शाळेत खेळ शिकवते. साहसी खेळ म्हणून चार मुली घेऊन एका रविवारी बघायला गेले आणि अडकले. पुढं मंडळाची सचिवही झाले, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं.

रविवारी सकाळी एका बंद गोदामाच्या भिंतीवर सराव चालायचा. पोरं चढायची, उतरायची, आणि खाली फय्याजभाई दोर धरून उभे असायचे. फय्याजभाईंचं वेल्डिंगचं दुकान. बोलणं कमी, पण त्यांनी धरलेला दोर बैलानं ओढला तरी हलायचा नाही. सराव झाला की सगळ्यांनी मिळून मुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा. कोजागिरीला अप्पांच्या गच्चीवर दूध आटवायचं, आणि त्याच गच्चीवर दर अमावास्येला मंडळाचे दोर धुवायचे. दोर धुताना अप्पा कोणाला मोठ्यानं बोलू देत नसत. कोणी दोर ओलांडला तर त्याला दोराच्या पाया पडायला लावायचे.

एकदा आम्ही नाशिककडच्या एका गडावर गेलो. माथ्यावर पोचलो तेव्हा समोर डोंगरांच्या रांगा, खाली ढग. पोरं वेड्यासारखी फोटो काढत होती. अप्पा कुठं दिसेनात. शोधलं तर एका दगडी टाक्याच्या काठावर पालथे पडून आत बॅटरी मारत होते.

“अप्पा, अहो तिकडं बघा काय दिसायलंय!”

“बघितलं. ते कुठं जायलंय?” आणि पुन्हा आत तोंड घालून, “मॅडम, ह्ये किती खोल असंल हो?”

आम्ही हसलो. पण तोवर त्या हसण्यात थोडी भीतीही मिसळलेली असायची, कारण तोवर विहिरी सुरू झाल्या होत्या.

त्याची सुरुवात अशी झाली. पोलीस ठाण्यातले एक जमादार दुकानात दोर घ्यायला आले. अप्पांनी सवयीनं विचारलं, “कशाला पायजे?” जमादार म्हणाले, शेतातल्या विहिरीत एक म्हातारा पडलाय, दोन दिवस झाले, फुगून वर आलाय, गळानं ओढून काढायचाय. विहिरीत पडलेली घागर काढायला जो आकड्यांचा गळ असतो, तोच. कुठं लागेल तिथं लागतो, पायाला लागला तर माणूस उलटा वर येतो, आणि काठावर अख्खं गाव उभं असतं.

अप्पा म्हणाले, “दोर इकत न्हाई देणार. दोरासंगं मी येतो.”

त्या दिवशी अप्पा आणि फय्याजभाई दोघंच गेले. अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सरकवलं, वरपर्यंत गुंड्या लावल्या आणि उतरले. म्हाताऱ्याच्या कमरेला, मांड्यांना पट्टे बांधले. तो वर आला तो खुर्चीत बसल्यासारखा. अंगावर चादर, डोक्याला मुंडासं. अप्पा लिंगायत; त्यांच्या लोकांत मेलेल्या माणसाला बसवूनच मातीत ठेवतात, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. पण हा म्हातारा त्यांच्यातला नव्हता. मी नंतर विचारलं तर म्हणाले, “आडवं लाकूड असतंय मॅडम. माणूस बसूनच गावात यावा.”

मग सगळ्या बाजूंनी बोलावणी यायला लागली. मानवत, पाथरी, सेलू, कधी पार पालमपर्यंत. रविवारी सराव करावा तर मोटारसायकलवर कोणीतरी यायचं आणि पोरं भिंतीवर तशीच लटकलेली असताना अप्पा फय्याजभाईंकडं बघायचे. फय्याजभाईंनी लोखंडी पाइपांची एक मोठी तिवई केली, विहिरीच्या तोंडावर ठेवायला. निघताना कोणी घाई केली की अप्पांचं ठरलेलं उत्तर, “घाई कायची? खालचा कुठं जायलाय?” पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे निर्दय वाटायचं. पण गाठी तपासून होईपर्यंत ते कोणाचं ऐकत नसत. वरच्यांनी खालच्यासाठी मरायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

गावानं आमच्या मंडळाचं नाव बदलून टाकलं. ‘विहीर मंडळ.’ आयांनी पोरं पाठवणं बंद केलं. माझ्या चार मुलींपैकी एकही राहिली नाही. एका पालकांनी शाळेत येऊन मला सांगितलं, “मॅडम, डोंगर चढायला शिकवा. ह्ये कशाला?” दुकानावरही परिणाम झाला. पाळण्याला दोर घ्यायला बायका येईनात. अप्पा वापरलेला दोर कधीच विकत नव्हते, पण हे कोणाकोणाला सांगणार? एक न्हावी त्यांची दाढी करायचा, तो त्यांना शेवटी बसवायला लागला. एकदा मी त्यांच्याबरोबर हॉटेलात चहा प्यायले. आम्ही उठलो तेव्हा पोऱ्यानं त्यांचा कप वेगळा उचलला. अप्पांनी ते बघितलं आणि त्याच्या बुटाची नाडी सुटलीय म्हणून सांगितलं.

अप्पांच्या पत्नी गुडघ्याच्या उपचाराला पुण्याला मुलाकडं गेल्या. गुडघा बरा झाला, त्या आल्या नाहीत. मी एकदा फोनवर बोलले त्यांच्याशी. म्हणाल्या, “अगं, माणूस चांगला हाय. पर रोज घरात येतानी त्यांच्यासंगं कोणीतरी येतंय असं वाटायचं मला.”

असं होता होता मंडळात आम्ही तिघंच उरलो. अप्पा, फय्याजभाई आणि मी. आता मीही विहिरींवर जायचे, आणि परतले की माझ्यासाठी अंगणात बादली भरलेली असायची. अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, एवढी एकच अट नवऱ्यानं घातली होती. बाकी तो काही बोलला नाही.

मीराची विहीर त्यानंतरची.

गाव कुठलं ते सांगत नाही. उन्हाळा होता. सकाळी दहाच्या सुमाराला निरोप आला की एक तरुण सून पाण्याला गेली आणि पाय घसरून पडली. आम्ही पोचलो तेव्हा सासरा काठावर गळ घेऊनच उभा होता. दोराला आकडे बांधून झाले होते.

“लौकर आटपा,” तो म्हणाला. “ऊन चढायलंय.”

अप्पांनी त्याच्या हातातून गळ घेतला, जमिनीवर ठेवला आणि चक्क त्याच्यावर एक पोतं टाकून वर बसले. बसून चष्मा पुसायला लागले. अख्खं गाव बघत होतं. आकडे टोचत असणार, पण माणूस हलला नाही.

“ओ अप्पा, उठा की.”

“ह्यो गळ भांड्यासाठी असतोय,” अप्पा म्हणाले. “तिच्या माहेरी फोन लावलाव का?”

“लावलाय.”

“कोण यायलंय?”

“आई हाय नुसती. राणीसावरगावाकडची. कवा पोचंल काय सांगावं. तवर काय असंच ठिवायचं का?”

पंचनाम्याला आलेले पोलीस मधे पडले, म्हणाले, उतरा तुम्ही. अप्पा उठले. पायजम्यावर रक्ताचे दोन ठिपके होते. मग ते माझ्याकडं वळले.

“मॅडम, आज तुमी बी चला. पोरगी हाय. हात लावायला बाईमाणूस पायजे.”

मी कधीच उतरले नव्हते. वर काठावर बसून दोर सोडायचं, चादरी द्यायचं एवढंच माझं काम. मी नाही म्हणणार होते. पण त्यांनी माझ्या कमरेचा पट्टा आवळायलाही घेतला होता.

विहीर काळ्या दगडाची, जुनी. पारवे उडाले. वर ऊन रटरटत होतं आणि खाली गारवा होता, शेवाळाचा आणि पारव्यांचा वास. मीरा भिंतीकडं तोंड करून, पदर कपारीत अडकून पाण्यावर होती. हिरव्या बांगड्या होत्या हातात. माझे पाय पाण्याला लागले आणि मला वाटलं, आता ओरडावं, वर ओढा म्हणावं. तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला. मला वाटलं माझ्याशी बोलतायत.

“मीरा, मी मानवतचा अप्पा. दोराचं दुकान हाय माझं. ह्या मॅडम हायत, शाळेत शिकवतात. आता तुला हात लावायचाय, माफी कर बाई. घाई न्हाई. पदर नीट करू आधी. मॅडम, पदर घ्या तिचा. हां. आता वर जायचंय. उजेड लागंल डोळ्याला, मी चादर टाकतो.”

आवाज अगदी रोजचा. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. ते पट्टे बांधत होते, मी तिचं डोकं धरून होते, आणि ते बोलत होते.

“तुझी आई आलीया वर. काठावरच बसलीया. रडायलीया लय, पण आलीया. तिच्यापशी सोडतो तुला. फय्याज, घे. हळू. हळू रे.”

मीरा बसल्यासारखी वर गेली. अंगावरून पाणी गळत होतं, आमच्या डोक्यावर पडत होतं. ती उजेडाच्या गोलात जाईपर्यंत अप्पा मान वर करून बघत राहिले.

“अप्पा, तिची आई तर आली नाही,” मी म्हणाले. काय बोलतेय ते मला कळत नव्हतं.

“सगळ्यायलाच सांगतो मी. कोणाला आई असते, कोणाला नसते. न्हाई सांगून कसं चालंल? एकटं वर जायचं असतंय त्यायला.”

मीराची आई पोचली तोवर सगळं उरकलं होतं. दवाखान्यातून आणलं, सासरच्यांनी अग्नी दिला. आईला राख दिसली. पुढं पोलिसात तक्रार झाली, चौकशी लागली, ती अजून चालू आहे. पाय घसरला की आणखी काय झालं, हे मला माहीत नाही आणि अप्पांनी त्यावर कधी तोंड उघडलं नाही.

काही आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी मी दुकानात बसले होते. एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उन्हानं रापलेल्या, हातात काठी, खांद्यावर घोंगडीची घडी. शेळ्यामेंढ्यांमागं आयुष्य गेलेलं बघताच कळत होतं.

“विहिरीतले अप्पा तुमीच का?”

अप्पांनी नेहमीसारखं आधी पायांकडं बघितलं. वहाणेला दोरी बांधलेली होती.

“मी मीराची माय. कोंडाबाई.”

अप्पा उठून उभे राहिले. मग पुन्हा बसले. मग उगाचच एका वेटोळ्यातून दोर ओढून हातावर मोजायला लागले.

“तोंड बघितलं का तुमी तिचं?” कोंडाबाई म्हणाल्या. “मला न्हाई बघाय मिळालं.”

“बघितलं.”

“कसं व्हतं?”

“चांगलं व्हतं,” अप्पा म्हणाले. दोर हातातच होता. “तोंडाला काई लागलं नव्हतं. ह्या मॅडमनी डोकं धरलं व्हतं तिचं. पदर व्हता अंगावर.”

कोंडाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्या दारातच खाली बसल्या.

“माय,” अप्पा एकदम म्हणाले, “मी तिला सांगितलं, तुमी आलाव म्हणून. खोटं बोललो. तुमी गाडीत व्हताव.”

बाजाराचा गलका आत येत होता. कोंडाबाईंनी खांद्यावरची घोंगडी मांडीवर घेतली.

“मंग काय म्हणली?” त्यांनी विचारलं.

मी बाहेर बघायला लागले. अप्पांच्या हातातला दोर थांबला.

“ऐकून घेतलं तिनं,” ते म्हणाले.

त्यानंतर कोंडाबाई येत राहिल्या. चौकशीसाठी बोलावणं आलं की गाड्या बदलत मानवतला यायच्या आणि ते काम झालं की दुकानात येऊन बसायच्या. मग बोलावणं नसतानाही यायला लागल्या. येताना फडक्यात भाकरी, ठेचा, कधी शेंगदाण्याची पोळी. अप्पा तोवर दुपारी फुटाणे खाऊन राहायचे. कोंडाबाई मीराच्या गोष्टी सांगायच्या. लहानपणी शेळीच्या मागं डोंगरावर चढून जायची, उतरता यायचं नाही, मग वरून हाका मारायची. अप्पा नुसतं “मंग?” म्हणायचे. जिवंत माणसाला गाठीशिवाय दुसरं काही विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. गावात कुजबुज झाली. फय्याजभाईंनी एकदोघांना गप्प केलं. वेल्डिंगवाल्याशी कोणी फार वाद घालत नाही.

मग चौकशीच्या एका तारखेला त्या आल्या नाहीत.

अप्पांनी फोन लावला, बंद. पुढच्या बाजारालाही आल्या नाहीत. फोन बंदच. त्या मधल्या दिवसांत अप्पांनी दुकानात काय केलं कोणास ठाऊक, पण मी गेले तेव्हा सगळी वेटोळी सुटलेली होती आणि ते मधोमध बसले होते.

“मॅडम, उद्या शाळेला सुट्टी हाय का?”

“रविवार आहे अप्पा.”

“राणीसावरगावला यायलाव का माझ्यासंगं?”

सकाळी स्टँडवर फय्याजभाई हजर होते. खांद्यावर मंडळाची दोराची पिशवी. त्यांनी ती अप्पांपुढं धरली. अप्पा एकदम ओरडले, “कोणी सांगितलं तुला? घिऊन जा ते वापस!”

“अप्पा, लगा तो...”

“लागणार न्हाई! घिऊन जा म्हणलं ना!”

स्टँडवरची माणसं बघायला लागली. मी अप्पांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. फय्याजभाईंनी पिशवी पाठीमागं घेतली आणि गाडी सुटेपर्यंत ती तशीच दोन्ही हातांनी पाठीमागं धरून उभे राहिले.

परभणीला गाडी बदलली, गंगाखेडला बदलली. गंगाखेडनंतर डोंगर दिसायला लागतात, ठेंगणे, उघडे. अप्पा खिडकीशी बसले होते, पण बाहेर बघत नव्हते. रस्त्याच्या कडेला विहिरी येत होत्या. मी मोजायचं नाही असं ठरवलं. एकदाच ते बोलले. “मी तिला खोटं सांगितलं ते सांगायला नको व्हतं तिच्या मायला. बसलं असंल मनात.”

उतरल्यावर विचारलं तर एकानं सांगितलं, कोंडाबाईचं घर गावात नाही, डोंगराच्या कडेला वाडा आहे शेळ्यांचा, तिथं. आम्ही पायवाटेनं निघालो. ऊन होतं. एक वळण घेतलं आणि समोर, थोड्या अंतरावर, विहीर दिसली. आणि विहिरीच्या काठावर बायकांचा घोळका. सगळ्या वाकून आत बघत होत्या.

अप्पा थांबले. मग ते वाटेतच खाली बसले. धुळीत.

“मॅडम,” ते म्हणाले, “तुमी बघून या.”

“अप्पा...”

“मला न्हाई व्हायचं. तुमी जा. मी हितं बसतो.”

परभणी जिल्ह्यात असा तालुका नसेल जिथल्या विहिरीत हा माणूस उतरला नाही. मी त्यांना तिथं सोडून चालायला लागले. ते अंतर किती लांब होतं सांगता येत नाही. जवळ गेले तसे आवाज कानावर आले. कोणी रडत नव्हतं. एक बाई तर हसत होती. काठावर ओली घोंगडी पसरलेली होती, धुवायला आणलेली. घोळक्यात पाठमोऱ्या कोंडाबाई होत्या, काठी घेऊन आत काहीतरी दाखवत होत्या.

“कोंडाबाई!”

त्या वळल्या. “आगं बया, मॅडम! तुमी हिकडं कुठं?”

मी सांगायच्या आत त्याच बोलायला लागल्या. शेळ्या व्यायल्या होत्या, एकामागून एक. दोन करडं दगावली, बाकीची जगवायची होती, त्यामुळं वाडा सोडता आला नाही. आणि फोन ह्याच विहिरीत पडला, घागर ओढताना, कमरेचा सुटून. पाणी आता उतरलंय तर खाली कपारीत दिसायलाय काय, म्हणून सगळ्या बघत होत्या.

“एकल्याच आलाव?”

मी मागं बोट दाखवलं. वाटेवर, भर उन्हात, पांढरा सदरा घातलेलं एक गाठोडं बसलं होतं. मान खाली.

कोंडाबाई तरातरा निघाल्या. मी मागोमाग. जवळ गेल्यावर त्यांनी काठी टेकवली. “अप्पा! असं वाटंत का बसलाव?”

अप्पांनी वर बघितलं. मग एकदम चिडले. “तुमी आला न्हाईत! तारीख व्हती तुमची. माणसानं सांगावं, न्हाई का?”

“फोन पडला की विहिरीत. बरं झालं तुमी आलाव. उतरून काढून द्या मला तेवढा.”

“दोर न्हाई आणला,” अप्पा म्हणाले.

“दोराचं दुकान हाय, आन् दोर न्हाई आणला?” कोंडाबाई हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी विहिरीकडं बघितलं, घोळक्याकडं बघितलं, आणि पुन्हा धुळीत बसलेल्या अप्पांकडं. ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. पुसून होतच नव्हता.

कोंडाबाई काठीचा आधार घेत त्यांच्या शेजारी वाटेतच खाली बसल्या. हात ओले होते, ते त्यांनी पदराला पुसले. विहिरीवरच्या बायका आमच्याकडं बघत होत्या.

“मला करडं हायत सांभाळायला,” कोंडाबाई म्हणाल्या. “लहान हायत. मी कुठं जायले?”

अप्पांनी मान हलवली.

“जेवलाव का?”

“न्हाई.”

“कवापून?”

अप्पांनी चष्मा डोळ्यावर चढवला. कोंडाबाई उठल्या आणि वाड्याकडं चालायला लागल्या, मागं वळून न बघता, अप्पा पाठीमागून येणारच अशा खात्रीनं. अप्पा उठले, सदरा झटकला. चार पावलं गेल्यावर मला म्हणाले, “परतीची गाडी किती वाजता हाय मॅडम?”

“दुपारची आहे. निघायला लागेल लवकर.”

“जाऊ द्या ती,” अप्पा म्हणाले.